दिसतं कमरेत, घडतं गुडघ्यात

"ताई, कंबर हलवू नका."

बेली डान्सच्या क्लासमध्ये हे वाक्य ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. तिसरा आठवडा होता. आम्ही शिमी शिकत होतो. शिमी म्हणजे कमरेची ती बारीक, सलग थरथर, जी बघून बहुतेक जणी या क्लासला नाव घालतात. मी सगळा जोर लावून कंबर डावी-उजवीकडे हिसकत होते. मांड्या ताठ, दात आवळलेले, श्वास कुठेतरी वरच अडकलेला. मॅम माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कंबर विसरून जा. डावा गुडघा वाकवा, उजवा सरळ. आता उजवा वाकवा, डावा सरळ. बस, एवढंच. जागच्या जागी चालल्यासारखं, फक्त पावलं उचलायची नाहीत."

मी तसं केलं, अगदी सावकाश. गुडघा वाकला की त्या बाजूची कंबर आपोआप खाली येते, सरळ झाला की वर जाते. आपण काही करावं लागत नाही, हाडं एकमेकांना जोडलेली आहेत म्हणून ते होतं. थोडा वेग वाढवला. आणखी थोडा. तीन-चार सेकंद, फार तर पाच, कंबर माझ्या हातात नव्हती आणि तरी ती हलत होती. मग मी खुश होऊन तिच्याकडे बघायला गेले आणि सगळं थांबलं.

त्या पाच सेकंदांनी मला इतके महिने गुंतवून ठेवलं आहे. हालचाल दिसते एका ठिकाणी आणि घडते दुसऱ्याच ठिकाणी, ही गोष्ट सत्तेचाळीस वर्षं याच शरीरात राहून मला माहीत नव्हती.

मी नाच कधीच शिकले नव्हते. लहानपणीही नाही. या नाचाकडे मी डोळ्यांनी नाही, कानांनी आले. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून कैरोतल्या जुन्या वाद्यवृंदांचं संगीत ऐकत पडले होते. एकटं व्हायोलिन चाललं होतं, तालाशिवाय, मनाला येईल तिकडे वळत. या प्रकाराला अरबीत 'तक्सीम' म्हणतात. जुन्या मराठी कागदपत्रांत वाटणीसाठी येतो तोच हा शब्द. तिथे शेताची तक्सीम, इथे स्वरांची. बराच वेळ तसं गेल्यावर एकदम तबला आला. इजिप्तमध्ये तबला म्हणतात तो आपल्या जोडीतला नव्हे. पेल्याच्या आकाराचं, मध्ये निमुळतं, मांडीवर आडवं धरून वाजवायचं एकतोंडी वाद्य. इतर अनेक ठिकाणी त्यालाच दरबुका म्हणतात. तो आला आणि पांघरुणाखाली माझा पाय हलला. मी हलवला नाही, तो हलला. त्या रात्रीनंतर दीड-दोन महिने मी फक्त ऐकत होते. मग एक दिवस प्राथमिक वर्गाची चौकशी केली.

पहिल्या दिवशी आम्ही नाचलोच नाही. उभं राहायला शिकलो. पावलं कमरेइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे सैल, कुलूप लावल्यासारखे मागे ढकललेले नकोत. शेपटीचं हाड जमिनीकडे, म्हणजे ढुंगण मागे काढून उभं राहायचं नाही आणि पुढेही ओढून घ्यायचं नाही. छाती उचललेली, खांदे खाली. ही उभं राहण्याची पद्धत शोभेसाठी नाही. गुडघे ताठ ठेवून कंबर हलवली की सगळा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. ज्यांची पाठ किंवा गुडघे आधीच दुखतात त्यांनी पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगून टाकावं. संकोचून गप्प बसण्यात नुकसान आपलंच आहे.

मग आयसोलेशन. छाती हलवायची, कंबर नाही. कंबर हलवायची, छाती नाही. ऐकायला सोपं आहे. पण माझं शरीर इतकी वर्षं एका तुकड्यात हलत आलं होतं, जसं एखादं कपाट सरकवावं. छाती उजवीकडे न्यायला सांगितली की खांदा जाई, मागोमाग मान जाई, कमरेलाही राहवत नसे. नुसती छाती, नुसत्या बरगड्या सुट्या काढायला मला पाच आठवडे लागले. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा सुट्या झाल्या त्या दिवशी बोटभरच हालचाल झाली असेल. पण ती कुठून झाली हे मला आतून कळलं, आणि असं कळणं मी विसरूनच गेले होते. लहान मूल पहिल्यांदा आपला हात तोंडासमोर धरून बघत राहतं, तसं काहीसं.

आठचा आकडाही सांगितलाच पाहिजे. "कमरेने आठ काढा," असं मॅम म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात आपला मराठी ८ उमटला, वरून उघडा, दोन्ही टोकं सुटलेला. हवा होता इंग्रजी आठ, जमिनीवर आडवा पाडलेला: उजवी कंबर पुढून बाहेरून मागे, मग तिरकी मध्यातून जाऊन डावी पुढे. बंद आकडा, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळू नये असा. तोच आठ उभा केला की कंबर वरून बाहेर आणि खाली उतरते. त्याला क्लासमध्ये माया म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. माया करताना टाचा जमिनीवर ठेवल्या तर कमरेच्या बाजूचे स्नायू इतके लांबवर ताणले जातात की वर्गात एकाच वेळी चार-पाच जणींचे सुस्कारे ऐकू येतात.

पहिले दोन महिने मी आरशाकडे बघून शिकले आणि माझं जवळजवळ काहीच पुढे गेलं नाही. आरशात मला नाच दिसत नव्हता, मीच दिसत होते. दंड, हनुवटी, टी-शर्टच्या आतली घडी. प्रत्येक हालचाल करायच्या आधीच मी ती कशी दिसेल याचा निकाल देत होते. आमच्या वर्गात एकोणीस वर्षांच्या मुलीपासून बासष्ट वर्षांच्या काकूंपर्यंत सगळ्या आहेत, आणि हा निकाल देण्यात वयाचा काही फरक नाही असं मला दिसलं. ती एकोणीस वर्षांची मुलगी तर माझ्यापेक्षा कठोर होती. फक्त काकू आरशाकडे बघत नसत. त्या डोळे अर्धवट मिटून उभ्या राहायच्या आणि सगळ्यांच्या आधी त्यांचा हिप ड्रॉप, म्हणजे एका बाजूची कंबर झटक्यात खाली सोडणं, बरोबर ठोक्यावर पडायचा. मी त्यांना विचारलं, तुम्ही मोजता कशा? त्या म्हणाल्या, "मोजत नाही गं, वाट बघते."

मग मॅमनी एक दिवस आरशावर पडदा ओढला आणि आम्हाला ताल ऐकायला बसवलं.

हा भाग मला फार प्रिय आहे, म्हणून जरा थांबते. तबल्याचे मुख्य बोल दोन. चामड्याच्या मध्याजवळ हात पडला की खोल, गोल 'दुम'. काठावर बोट पडलं की कोरडा, टणक 'तक'. सगळ्यात जास्त कानी पडणारा ताल मक्सूम. आठ घरं आखली तर तो असा बसतो: दुम, तक, रिकामं, तक, दुम, रिकामं, तक, रिकामं. आता यातलं फक्त दुसरं घर बदला, तकच्या जागी दुम ठेवा: दुम, दुम, रिकामं, तक, दुम, रिकामं, तक, रिकामं. हा झाला बलदी. एका बोलाचा फरक, पण चाल संपूर्ण बदलते. सुरुवातीचे दोन दुम लागोपाठ आले की वजन जमिनीत उतरतं, टाचा जड होतात. पुन्हा मक्सूमकडे या आणि या वेळी चौथं घर बदला, तिथे दुम ठेवा: दुम, तक, रिकामं, दुम, दुम, रिकामं, तक, रिकामं. हा सईदी, वरच्या इजिप्तचा, म्हणजे नकाशात खालच्या, दक्षिणेकडच्या प्रदेशाचा. मधोमध ते दोन दुम शेजारी येतात आणि काठी घेऊन नाचणाऱ्या पुरुषांचा दणका त्यात ऐकू येतो.

आठ घरं आणि त्यातली रिकामी घरं. मी नाच म्हणजे घरं भरणं समजत होते. प्रत्येक मात्रेवर काहीतरी करायचं, नाहीतर आपण चुकलो. काकू रिकाम्या घरात थांबत होत्या. वाट बघते म्हणजे काय ते मला त्या दिवशी, जमिनीवर मांडी घालून बसले असताना कळलं.

त्यानंतर मी जुन्या इजिप्शियन चित्रपटांतले कृष्णधवल नाच पुन्हा बघितले. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघींचे. १९२६ साली बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत आपलं रंगमंदिर सुरू केलं आणि पुढे या दोघी तिथूनच वर आल्या. सामिया गमाल सगळ्या मंचावर फिरते. तिचे हात लांब, वाहते, एका बाजूने सुरू झालेली लाट दुसऱ्या हाताच्या बोटांतून निघून जाते. १९४९ मध्ये राजा फारूकने तिला इजिप्तची राष्ट्रीय नर्तकी म्हटलं. बघणाऱ्याला ती लगेच आवडते, मलाही आवडली. तहिया कारिओका मात्र जवळजवळ हलतच नाही. एखाद्या सतरंजीच्या तुकड्याएवढ्या जागेत उभी असते, चेहऱ्यावर एक शांत, स्वतःशीच असलेलं हसू, आणि कमरेची एखादी बारीक खूण. क्लासला जायच्या आधी मी तिचे नाच अर्धवट सोडून दिले होते, काही घडत नाही म्हणून. आता एकेक तीन-तीनदा बघते. केवढं घडतं! पण ते दिसायला आधी आपल्या शरीरात ती जागा जागी व्हावी लागते.

नावाचंही असंच झालं आहे. 'बेली डान्स' हे नाव नाचणारीने दिलेलं नाही. फ्रेंच लोकांनी याला आधी पोटाचं नृत्य म्हटलं, आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोतल्या रस्त्याचा देखावा उभा करून हे नाच दाखवले गेले तेव्हापासून त्या फ्रेंच नावाचं इंग्रजी रूप पसरत गेलं. तिकीट काढून समोर बसलेल्याला पोट दिसलं, म्हणून पोटाचा नाच. खरं तर पोट हा त्यातला लहानसा भाग आहे. शिकताना पहिले तीन महिने त्याचा उल्लेखही झाला नाही. अरबीत रंगमंचावरच्या रूपाला 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेचा नाच. रक्स हा शब्द गझलांमुळे आपल्या ओळखीचा आहे. पण पूर्व तरी कुणाची? पूर्व ठरवायला कुणीतरी पश्चिमेला उभं असावं लागतं. मला आपलं वाटणारं नाव तिसरं: 'रक्स बलदी'. बलद म्हणजे देश किंवा गाव, आणि बलदी म्हणजे आपल्या मातीतलं. घरात, आनंदाच्या प्रसंगी, कुणी बघो न बघो, बायका-पुरुष जे नाचतात ते. हे एकच नाव नाचणाऱ्याच्या बाजूने दिलेलं आहे.

आणि बघणाऱ्यांनी फक्त नावच दिलं नाही. १८३४ साली इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याने गवाझींना, म्हणजे रस्त्यावर, चारचौघांत नाचणाऱ्या नर्तकींना, कैरोतून हद्दपार केलं, दक्षिणेकडे, एस्ना, केना, अस्वानला. त्यांना तिकडे धाडणारे आणि त्यांचे नाच बघणारे असे दोन वेगळे समाज होते असं मला वाटत नाही. क्लासला जाते असं सांगितल्यावर माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याचं मूळ शोधायला फार खोल जावं लागत नाही. त्याचं मला दुःख झालं, हे मी लपवणार नाही. एकाने "या वयात?" असं विचारलं. ते मी सहन केलं. दुसऱ्याने "घरी चालतं का?" विचारलं. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, देणारही नाही.

आता पोटाबद्दल, कारण चौथ्या महिन्यात ते आलंच.

मॅम म्हणाल्या, "आज पोट सोडा." वर्गात कुणी पोट सोडेना. आम्ही चौदा जणी, आणि चौदाही जणींनी नकळत पोट आत ओढून धरलेलं. मॅमनी परत सांगितलं. मी श्वास सोडला, पोट तिथेच. किती वर्षं? तेराव्या-चौदाव्या वर्षी फोटो काढताना कुणीतरी म्हणालं होतं, पोट आत घे. तेव्हापासून बाहेर काढायला कुणी सांगितलंच नाही. आपल्या भाषेत तर पोटात काय काय ठेवायची सोय आहे. गुपित पोटात ठेवायचं, अपराध पोटात घालायचा, भीतीचा गोळा पोटात यायचा, माया असेल तर पोटाशी धरायचं. आणि निर्धार करायचा तर कंबर कसायची. एवढं सगळं सांभाळणाऱ्या जागेला सैल होण्यासाठी एकही शब्द मला आठवेना.

पोटाची लाट, बेली रोल, ही अशी बनते: पोटाच्या मधला उभा लांब स्नायू वरच्या भागात आधी आवळायचा, मग मधल्या, मग खालच्या, आणि त्याच क्रमाने सोडायचा. किंवा उलटं, खालून वर. श्वासाशी ती बांधलेली नसते. नीट शिकल्यावर बोलता बोलताही करता येते म्हणतात. माझा वरचा भाग काही दिवसांत ऐकायला लागला. खालचा सापडेना.

माझं सिझेरियन झालं त्याला एकोणीस वर्षं झाली. टाक्यांच्या रेषेच्या वर दोनेक बोटं जागा तेव्हापासून सुन्न आहे. हात लावला तर दुसऱ्या कुणाला हात लावल्यासारखं वाटतं. मी ती जागा वजाच करून टाकली होती. आंघोळीला साबण फिरतो, बाकी संबंध नाही. मॅमना हे सांगताना माझा आवाज जरा हलला. मला वाटत होतं की तिथला स्नायूच कापला गेला आहे, त्यामुळे माझी लाट अर्धीच राहणार. मॅम म्हणाल्या, "ताई, मी डॉक्टर नाही. एकदा विचारून या."

मी विचारून आले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्वचा कापतात, तिच्याखालचं चिवट आवरण कापतात, पण तो मधला उभा स्नायू सहसा कापत नाहीत; त्याचे दोन पट्टे मधून दोन्ही बाजूंना सारून वाट करतात आणि नंतर ते परत जागेवर येतात. सुन्न झाली ती त्वचा, कारण तिच्यात येणाऱ्या बारीक नसा तुटतात. खालचा स्नायू तिथेच आहे, आणि व्यायाम करायला माझ्या बाबतीत काहीच हरकत नाही. एकोणीस वर्षं तो तिथेच होता! मी तो चित्राचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आहे.

तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं. जमिनीवर पाठ टेकून, गुडघे वाकवून, कारण आडवं पडल्यावर पोट धरून ठेवायचं काम उरत नाही आणि स्नायू ओळखायला सोपं जातं. एक तळहात बरगड्यांखाली, एक टाक्यांवर. वरचा हात खाली जातो. मधे काहीतरी जातं. खालचा हात तसाच. सहा आठवडे तसाच. या काळात बाकीचं सगळं पुढे सरकत होतं, हे सांगायला हवं. शिमी आता दोन मिनिटं टिकते. कमरेला नाण्यांचा पट्टा बांधला की ती एकसारखी आहे की अडखळते हे कानालाच कळतं, बघावं लागत नाही. काकूंनी बोटांत घालायच्या सागात घेतल्या आहेत, पितळेच्या चार छोट्या झांजा. त्या वाजवत चालताना त्यांचे हात आणि पाय दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलतात, आणि आम्ही सगळ्या कडेला उभ्या राहून ऐकतो.

गेल्या गुरुवारी रात्री वरचा हात खाली गेला, मधलं गेलं, आणि मग थोड्या वेळाने खालच्या तळहाताखाली काहीतरी हललं. त्वचेला ते कळलं नाही. तळहाताला कळलं. मी परत केलं, आलं नाही. परत केलं, आलं. उठून आरशासमोर गेले, दिवा लावला, कपडा वर केला आणि करून बघितलं. आरशात काहीही दिसत नव्हतं. टाक्यांची रेष होती तशीच. मी दिवा बंद केला, पुन्हा आडवी पडले आणि हात जागेवर ठेवला.